मांसाहार सोडला आणि मन खचलं. पुन्हा सुरू करू का?

पत्र

मी २९ वर्षांची, वजन ५६ किलो. प्राण्यांचे हाल बघवेनात म्हणून तीन वर्षांपूर्वी मांस-मासे सोडले आणि दहा महिन्यांपूर्वी दूध-अंडीही. त्या सुमारास तसाही कशातच रस वाटेनासा झाला होता. आता कामात लक्ष लागत नाही, पहाटे चारला जाग येते, भूक मेली आहे, उगीच रडू येतं. पाच आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम सुरू केली, फरक थोडाच आहे. पित्तासाठी पँटोप्राझोल अडीच वर्षं रोज चालू आहे. केसांसाठी बायोटिनची गोळी घेते. हल्ली तळपायांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात, ‘मांस खा, आपोआप बरी होशील.’ मैत्रीण म्हणते, ‘बी-१२चं इंजेक्शन घे आणि त्या गोळ्या बंद कर.’ माझं खाणं असं: सकाळी काळा चहा आणि जॅम लावलेले दोन टोस्ट, दुपारी भात आणि एक भाजी, चारला चहा-बिस्किटं आणि एक केळं, रात्री सूप, सॅलड आणि दोन टोस्ट. जेवणानंतर चहा लागतोच. कधीकधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. मला मांस खायचं नाही, पण असं जगायचंही नाही. काय करू?

उत्तर

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य आधी घेऊ, ताटाचं नंतर बघू.

‘सकाळी जागच येऊ नये’ आणि ‘जीव संपवावा’ यांत अंतर आहे. ते तुमच्या बाबतीत किती आहे, हे डॉक्टरांना कळायला हवं, आणि तेही याच आठवड्यात. गोळी सुरू करताना त्यांच्याशी हे बोलणं झालं होतं का, ते पत्रात नाही. फोन करा आणि हे वाक्य जसंच्या तसं सांगा. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे ठेवा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत काय वाटलं ते विचारते, गुण ० ते २७. दहाच्या पुढे मध्यम नैराश्य आणि विसाच्या पुढे तीव्र, असा साधारण हिशेब. तिचा नववा प्रश्न नेमका या विचाराबद्दलच आहे. ती आज भरा, तारीख घाला आणि सोबत न्या. ‘कसं’ आणि ‘कधी’ असे विचार मनात यायला लागले, तर मात्र डॉक्टरांच्या वेळेची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी उठवा, एकट्या राहू नका, जवळच्या इस्पितळाचा आपत्कालीन विभाग गाठा.

दुसरं, सर्ट्रालिन स्वतःहून बंद करू नका. या जातीच्या गोळ्यांचा परिणाम दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो आणि पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तुमचे पाचच झालेत. ५० मिलिग्रॅम हा सुरुवातीचा डोस आहे, तो वाढवायला जागा असते. अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं असा त्रास होतो आणि माणसाला वाटतं आजारच उलटला. बी-१२ कमी निघालं तरीही ही गोळी चालूच राहायला हवी. अंगात एखाद्या गोष्टीची कमतरता आहे म्हणून नैराश्य खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि बरेचदा असतातही.

आता घरच्यांचा आणि मैत्रिणीचा मुद्दा. मांस न खाल्ल्याने नैराश्य येतं का? यावर बरंच संशोधन झालंय आणि ते एका तोंडाने बोलत नाही. २०१८ साली फ्रान्समधल्या ९० हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत मांस वर्ज्य करणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती, जी सांगायची राहून जाते. नेमका कुठला अन्नगट सोडला यापेक्षा किती गट सोडले, याच्याशी लक्षणांचा संबंध होता. मग ते मांस असो, दूध असो की भाज्या. ब्राझीलमधल्या १४ हजारांवर प्रौढांच्या पाहणीत मांस न खाणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं, आणि पोषणघटकांचा फरक हिशेबात घेऊनही ते उतरलं नाही. म्हणजे नुसत्या जीवनसत्त्वांनी सगळं उलगडत नाही. याउलट अमेरिकेत सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथातल्या १३८ जणांची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली, त्यात शाकाहारी लोकांची मनःस्थिती मांसाहारींपेक्षा बरी होती. त्या पंथात शाकाहार हा पिढ्यान्‌पिढ्यांचा, सगळ्यांनी मिळून पाळायचा आहार आहे. पंगतीत एकटं पडून, रोज टोमणे ऐकत पाळलेला शाकाहार आणि हा शाकाहार मनाला सारखा लागत नसणार, असं आम्हांला वाटतं.

सगळ्यांत उपयोगाची माहिती जर्मनीतून आली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवर आधारलेला २०१२चा अभ्यास आहे. शाकाहारी लोकांत मानसिक आजार जास्त निघाले तेव्हा संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: आधी काय आलं, शाकाहार की आजार? बहुतेकांच्या बाबतीत आजार आधी सुरू झाला होता आणि आहार नंतर बदलला होता. तुमच्या पत्रातही तेच ओझरतं आलंय. दूध-अंडी सोडली ‘त्या सुमारास तसाही कशातच रस वाटेनासा झाला होता’. ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण डॉक्टरांना ती सविस्तर सांगा. रस नेमका कधीपासून गेला, त्या आधी काही घडलं होतं का, अशी स्थिती पूर्वी कधी झाली होती का. मन आधी उतरलं असेल, तर आहार हे मूळ कारण नसून नंतर पडलेली भर असू शकते. भर असली तरी ती काढायला हवीच.

घरचे कदाचित ऑस्ट्रेलियातल्या २०१७च्या प्रयोगाचा दाखला देतील. नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी अर्ध्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत दिली, बाकीच्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत. आहार बदललेल्यांपैकी ३२ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले, सोबतवाल्यांपैकी ८ टक्के. त्या आहारात आठवड्यातून तीन-चार वेळा कमी चरबीचं मांस होतं, हे खरं. पण त्याच वेळी कडधान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा, ऑलिव्ह तेल आणि अख्खी धान्यं वाढवली होती, मिठाया आणि तळलेले पदार्थ कमी केले होते. त्यातून एकट्या मांसाला श्रेय देता येत नाही. शिवाय बहुतेक जण औषधं किंवा समुपदेशन चालू ठेवूनच त्या प्रयोगात होते.

तुमच्या ताटाकडे वळू. तुम्ही लिहिलंय तेवढंच खात असाल तर दिवसाला जेमतेम अकराशे उष्मांक होतात. तुमच्या वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला अठराशेच्या पुढे लागतात. प्रथिनांचा हिशेब मांडा: सकाळच्या दोन टोस्टमधून सहा ग्रॅम, दुपारच्या भात-भाजीतून आठ-नऊ, चारच्या बिस्किटं-केळ्यातून दोन, रात्री आठ-नऊ. सगळं मिळून पंचवीस. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे किमान ०.८ ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हांला ४५. वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात म्हणून आम्ही एक ग्रॅमचा हिशेब धरतो, म्हणजे ५६. तुम्ही निम्म्यावर आहात. मांस गेलं, मासे गेले, मग दूध-अंडी गेली आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. तुमच्या यादीत एकही कडधान्य नाही, डाळ नाही, सोया नाही, दाणे नाहीत. शाकाहारी ताटात मांसाची जागा यांनीच घ्यायची असते.

इतकं कमी खाणं मनावर काय करतं, याचा पुरावा जुना आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले, दिवसाला सुमारे १५७० उष्मांकांवर. ही मुलं आधी धडधाकट आणि आनंदी होती. काही आठवड्यांत ती उदास, चिडखोर, एकलकोंडी झाली, लक्ष लागेना, कशात रस राहिला नाही. तुमच्या पत्रातली लक्षणं यातल्या बऱ्याच गोष्टींशी जुळतात. म्हणून कुठल्याही जीवनसत्त्वाच्या आधी आम्ही पोटभर अन्नाला महत्त्व देतो.

इथे एक नाजूक प्रश्न विचारायलाच हवा, त्याचं उत्तर आम्हांला देऊ नका, स्वतःला द्या. एकेक पदार्थ वर्ज्य करताना प्राण्यांबद्दलची कणव होतीच; पण त्यासोबत वजन कमी झाल्याचा, ‘मी जेवणावर ताबा ठेवू शकते’ याचा दिलासाही मिळत होता का? जेवायचं टाळायला ‘हे मी खात नाही’ हे सोयीचं उत्तर होऊन बसलंय का? गेल्या वर्षात वजन किती उतरलं? पाळी अनियमित झाली का? यातल्या कशालाही ‘हो’ असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण मग उपचारांची दिशा बदलते आणि निव्वळ ताट भरण्याचा सल्ला पुरत नाही.

आता बी-१२. तुमच्या बाबतीत ही शंका रास्त आहे, पण नुसतं ‘शाकाहारी म्हणून’ नव्हे. बी-१२ यकृतात साठतं, निरोगी माणसाच्या अंगात दोन ते पाच मिलिग्रॅम, आणि ते फार हळू खर्च होतं. मांस सोडून दूध-अंडी चालू ठेवणाऱ्या माणसाला तळ दिसायला बरीच वर्षं लागू शकतात. तुमचं दूध बंद होऊन तर दहाच महिने झालेत. पण तुम्ही अडीच वर्षं पँटोप्राझोल घेताय. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. गोळीने आम्लच दाबलं की दुधा-अंड्यातलं बी-१२ समोर असूनही पुरतं सुटत नाही. म्हणजे तुमची साठवण दूध बंद व्हायच्या आधीपासूनच कमी होत असू शकते. त्यात तळपायांच्या मुंग्या. मज्जातंतूंवरचं आवरण टिकायला बी-१२ लागतं, म्हणून या मुंग्या ‘बघू पुढे’ म्हणून सोडायच्या नाहीत.

मैत्रिणीचा सल्ला इथे चुकतो. इंजेक्शन आधी घेतलं की रक्तातला आकडा एकदम वर जातो आणि नंतर केलेली तपासणी काही सांगत नाही. खरंच कमतरता होती का, होती तर कशामुळे, हे कायमचं अंधारात राहतं. म्हणून आधी रक्त द्या, आणि ते याच आठवड्यात. इंजेक्शन नंतर, हवं तर त्याच दिवशी. आणखी एक: केसांच्या गोळीतलं बायोटिन रक्ततपासणीच्या काही पद्धतींत गोंधळ घालतं. थायरॉइडचे आकडे तर असे फिरतात की थायरॉइड जास्त काम करतंय असं भासावं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि घेत होता हे प्रयोगशाळेलाही सांगा.

आकडा कसा वाचायचा ते सांगतो. रक्तातलं बी-१२ मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. अहवालावर तिथे ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी मुंग्या, विसराळूपणा, उदासी असेल तर तेवढ्यावर थांबायचं नाही. अशा वेळी मेथिलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन या तपासण्या करतात. पेशींना बी-१२ खरोखर कमी पडत असेल तर या दोन्ही वाढतात. दोन्हींपैकी पहिली जास्त नेमकी. होमोसिस्टीन फोलेट कमी असलं किंवा थायरॉइड मंद असलं तरी वाढतं, आणि मूत्रपिंड बिघडलं तर दोन्ही वाढतात. सोबत संपूर्ण रक्तगणना, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि ड जीवनसत्त्व एकाच सुईत होऊन जाऊ द्या. नुसतं फोलिक अॅसिड, म्हणजे फोलेटची गोळी, सुरू करू नका. बी-१२ कमी असताना ते दिलं तर रक्तक्षय सुधारतो, अहवाल सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

कमतरता निघाली तर तुमच्या मुंग्यांमुळे डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतील, पहिल्या काही आठवड्यांत ठरावीक अंतराने १००० मायक्रोग्रॅम. मुंग्या नसत्या तर रोज १००० मायक्रोग्रॅमची तोंडाने घ्यायची गोळीही तितकीच चालली असती. रोजची गरज फक्त २.४ मायक्रोग्रॅम असताना एवढी मोठी गोळी कशाला, असं वाटेल. आतड्यात बी-१२ उचलून घेणारी यंत्रणा एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमवर भरून जाते. त्यापलीकडचं बी-१२ आपोआप झिरपतं, पण फक्त शंभरात एक भाग. हजारातले दहा असे आत जातात. गोळीतलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं नसल्याने त्याला जठरातलं आम्लही लागत नाही, म्हणून पँटोप्राझोल घेणाऱ्यांनाही ती लागू पडते. साठा भरल्यावर रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून दोनदा १००० पुरतं. दूध-अंडी न खाणाऱ्याला मात्र हे जन्मभर घ्यावं लागतं, त्यात तडजोड नाही. सायनोकोबालामिन हे बी-१२चं रूप स्वस्तातलं म्हणून कमी दर्जाचं, असा समज सोडा. टिकाऊ आणि सर्वाधिक अभ्यासलेलं तेच आहे. स्पिरुलिना आणि तत्सम शेवाळ्यांवर विसंबू नका. त्यात जे सापडतं ते बहुतांशी बी-१२चं तोतया रूप असतं, शरीराला निरुपयोगी.

पँटोप्राझोल अजून लागतंय का, हाही प्रश्न डॉक्टरांना विचारा. पण एकदम थांबवू नका, आम्ल उसळून येतं आणि वाटतं गोळीशिवाय चालतच नाही. हळूहळू कमी करतात.

लोहाकडे तुमच्या ‘जेवणानंतर चहा लागतोच’ या वाक्यामुळे लक्ष गेलं. वनस्पतींतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, त्यात चहातले घटक त्याला बांधून टाकतात आणि शोषण निम्म्याहून खाली येतं. चहा बंद करायची गरज नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. जेवणासोबत एक संत्रं, लिंबाचा रस किंवा अर्धी वाटी कच्ची ढोबळी मिरची घ्या. क जीवनसत्त्वाने हेच लोह कित्येक पट जास्त शोषलं जातं. लोह कमी आहे हे हिमोग्लोबिनवरून उशिरा कळतं. फेरिटिन म्हणजे साठा आधी खाली येतो, आणि थकवा, धाप, मन न लागणं तेव्हाच सुरू होऊ शकतं. फेरिटिन १५च्या खाली असेल तर साठा संपला. १५ ते ३० असेल आणि पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर बरेच डॉक्टर उपचार करतात. अंगात ताप, सूज, संसर्ग असताना हा आकडा खोटा वर जातो, त्यामुळे तेव्हा तपासू नका. गोळी द्यायची ठरली तर तिच्यावर ‘एलिमेंटल आयर्न’ किती लिहिलंय ते बघा. साठ मिलिग्रॅम एक दिवसाआड घेतल्याने रोजच्यापेक्षा शोषण चांगलं होतं, कारण एक डोस गेला की शरीर दिवसभर आतड्याचं दार बंद करून घेतं. पोटाचा त्रासही कमी होतो. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही.

थायरॉइड मंद असेल तर उदासी, सुस्ती, विसराळूपणा, थंडी वाजणं हे सगळं येतं आणि नैराश्यासारखंच दिसतं, म्हणून टीएसएच हवी. तुमच्या ताटातून आयोडीनचे दोन मोठे स्रोत, मासे आणि दूध, गेलेत. घरातल्या मिठाच्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय का, ते उद्याच बघा. शोभेची महागडी मिठं बरेचदा आयोडीनविना असतात. आणि वाळवलेलं समुद्री शेवाळ भरपूर खाऊन ही उणीव भरू नका, त्यात आयोडीन इतकं असू शकतं की थायरॉइड उलट बिघडतं.

ड जीवनसत्त्व कमी निघालं तर हाडांसाठी भरून काढाच, पण त्याने मन उजळेल ही आशा ठेवू नका. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८ हजारांवर लोकांना पाच वर्षं रोज २००० युनिट दिले, नैराश्य टळलं नाही. २०२० साली हा निकाल आला. युरोपात २०१९च्या एका मोठ्या प्रयोगात ओमेगा-३, सेलेनियम, फोलिक अॅसिड आणि ड यांचं मिश्रण १०२५ जणांवर वर्षभर तपासलं, तिथेही नैराश्य टळलं नाही. कमतरता नसताना गोळ्या खाऊन मन सुधारत नाही, हे त्यातून पुरेसं स्पष्ट आहे. मल्टिव्हिटामिनच्या चार बाटल्या घ्यायच्या विचारात असाल तर ते पैसे कडधान्यांवर खर्च करा. जस्ताच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या तर टाळाच. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ घेतलं तर तांबं कमी पडतं आणि पायांना पुन्हा मुंग्या येतात, अगदी बी-१२च्या कमतरतेसारख्याच.

ओमेगा-३बद्दल थोडं वेगळं. जवस, अक्रोड, चिया यांतलं ओमेगा-३ शरीर ईपीए आणि डीएचए या रूपांत बदलतं, पण फारच थोडं, डीएचए तर नगण्य. मेंदूला लागतं ते हेच रूप. माशांना ते शेवाळातून मिळतं, तुम्हीही थेट शेवाळाच्या तेलाच्या कॅप्सूलमधून घेऊ शकता, रोज ईपीए-डीएचए मिळून २५० ते ५०० मिलिग्रॅम. नैराश्यावर औषधाच्या जोडीने म्हणून जे वापरतात ते वेगळं, त्यात ईपीए जास्त असतं आणि मात्रा दिवसाला एक-दोन ग्रॅम ईपीएची. फायदा मध्यम आहे, सगळ्यांना होत नाही. आधी बी-१२, लोह, थायरॉइडचं काम संपवा, मग डॉक्टरांशी याबद्दल बोला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते आधीच सांगा.

‘मूड’साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन गोष्टींना हात लावू नका: सेंट जॉन्स वर्ट आणि ५-एचटीपी. सर्ट्रालिनसोबत त्या घेतल्या तर सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं: थरथर, घाम, ताप, गोंधळ. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथे महागात पडतो. केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून केळी खा, असंही ऐकाल. केळं खा, छान फळ आहे, पण त्यातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही.

आता ताट. भूक मेलेली असताना आणि उठून उभं राहणंच जड असताना ‘समतोल आहार घ्या’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून आहे त्याच दिवसात भर घाला, नवं काही शिकू नका. सकाळी टोस्टच्या जागी ५० ग्रॅम ओट्स २५० मिलिलिटर सोया दुधात, त्यात एक मोठा चमचा दळलेला जवस आणि मूठभर अक्रोड. यातून अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. जवस दळूनच घ्या, अख्खा गेला तर अख्खाच बाहेर पडतो. सोया दुधाच्या डब्यावर कॅल्शियम आणि बी-१२ घातलंय का वाचा, आणि प्रत्येक वेळी जोरात हलवा. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, न हलवता ओतलं तर ते शेवटच्या पेल्यापर्यंत डब्यातच राहतं. दुपारी भात आहे तसाच, त्यावर वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम, शिजवलेली डाळ किंवा कडधान्य: आणखी पंधरा-अठरा ग्रॅम. चारला बिस्किटांऐवजी केळ्यासोबत दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं बटर, सात-आठ ग्रॅम. रात्री सूप-टोस्टसोबत १०० ग्रॅम टोफू, बारा ग्रॅमच्या आसपास. दिवसअखेर साठ पार होतात, उष्मांकही साडेसतराशेच्या घरात जातात.

कडधान्यं रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर उत्तमच, त्यातल्या ज्या घटकामुळे लोह आणि जस्त अडकतं तो कमी होतो. दर तीन दिवसांनी एकदाच मोठं भांडं शिजवा आणि वाट्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तेही जमेना तर डबाबंद शिजलेली कडधान्यं धुऊन खा, त्यात कमीपणा नाही. पहिल्या आठवड्यात गॅस होईल, म्हणून अर्ध्या वाटीपासून सुरू करा. मळमळ वाटत असेल, आणि सर्ट्रालिनने सुरुवातीला वाटते, तर तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं खा. भूक लागायची वाट बघू नका. घड्याळ बघून खा, औषध घेतो तसं. घरच्यांना काही करायचंच असेल तर त्यांना हे भांडं शिजवायला सांगा. ‘मांस खा’ हा आग्रह त्या कामाला लागला तर तुमचंही ओझं उतरेल.

मांस पुन्हा सुरू करायचं का? मनासाठी म्हणून करायला हवं, असं आम्हांला वाटत नाही. तुम्हांला जे कमी पडतंय ते सगळं मांसाशिवाय भरून निघू शकतं. उलट ज्या गोष्टीचा मनाला त्रास होतो ती रोज जबरदस्तीने गिळायची, यातून नैराश्यातल्या माणसाला अपराधीपणाच मिळतो. तरीही प्रकृती सुधारेपर्यंत काही महिने दूध किंवा अंडी घ्यावीशी तुम्हांला स्वतःला वाटली, तर घ्या. त्याने तुमची प्राण्यांबद्दलची तळमळ कमी ठरत नाही, आणि तो निर्णय दुसऱ्या कुणाचा नाही.

सुधारणेचा वेग सगळ्याचा सारखा नसतो. पुरेसं खाणं सुरू झालं की अंगातला त्राण दोन-तीन आठवड्यांत जाणवतो. बी-१२च्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर तो दोनेक महिन्यांत भरतो, पण मुंग्या आणि विसराळूपणाला कित्येक महिने लागू शकतात. मधेच फरक दिसत नाही म्हणून उपचार सोडू नका. लोहाचा साठा भरायला साधारण तीन महिने, तेव्हा फेरिटिन पुन्हा तपासा. पीएचक्यू-९ दर दोन आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी भरा आणि वहीत गुणांसमोर फक्त दोन गोष्टी लिहा: किती तास झोप झाली आणि किती वेळा जेवण झालं. सर्ट्रालिनचे आठ आठवडे पुरे होतील त्या भेटीला ही वही आणि रक्ताचे अहवाल दोन्ही न्या. आकडे सुधारले आणि गुण मात्र तिथेच राहिले, तर डोस वाढवायचा, औषध बदलायचं की सोबत मानसोपचार सुरू करायचा, हे त्याच दिवशी विचारा.